डोहाला दिलेला शब्द

"दम सोडू नको गो. काय पण झालं तरी वर आल्याबिगर तोंड उघडायचं नाय."

हा आवाज यमूचा स्वतःचाच. लेक छाया लहान होती, परकर खोचून शेणवे गावाच्या खालच्या डोहात उभी होती, तेव्हा यमूनं तिला हे सांगितलं होतं. कातकरणीला मासे धरायला जाळं लागत नाही. दम धरायचा, खाली जायचं, दगडाच्या कपारीत हात घालायचा, मासा बोटांना लागला की दगडाशी दाबून धरायचा आणि वर यायचं. यमूच्या आईनं यमूला शिकवलं, यमूनं छायाला. यात वावगं ते काय?

पण आता तोच आवाज तिला छळत होता. भात झोडताना यायचा, चुलीत फुंकर घालताना यायचा. सकाळी डोहाकाठच्या सात दगडांवर तांब्याभर पाणी घालताना तर हमखास यायचा. ते सात दगड म्हणजे सात आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांना पाणी घातल्याशिवाय यमू चहाचा घोटसुद्धा घेत नसे. वीटभट्टीवर गेली तरी तिथं विटांचे सात तुकडे मांडून नेम चालवायची. पूर्वी पाणी घालून हात जोडले की मोकळी व्हायची. हल्ली हात जोडले तरी तिथून उठवत नसे. काहीतरी बोलायचं राहिलंय असं वाटायचं, आणि काय ते सुचायचं नाही.

झालं होतं ते असं. आदिवासी पोरापोरींना समुद्रात बुडी मारायचं शिक्षण द्यायला एक संस्था तालुक्यात आली होती. त्यांच्या साहेबांनी पोरांना धरणाच्या पाण्यात उतरवून बघितलं. छाया खाली गेली ती वर येईना, तेव्हा साहेबांचाच जीव वर आला. मग ती मनात येईल तेव्हा हसत बाहेर आली, आणि तिची निवड झाली. तेव्हापासून ती मालवणला, जगदीश नावाच्या होडीवाल्याकडे काम करायची. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात प्रवाळ आहे. पाहुण्यांच्या पाठीवर हवेचं सिलिंडर बांधायचं, तोंडात नळी द्यायची आणि हाताला धरून त्यांना खाली प्रवाळ दाखवून आणायचं. दिवाळीनंतर जायची, पावसाच्या आधी परत यायची. वाडीतल्या बाया म्हणायच्या, "आमी भट्टीवर, ही दर्यात. गाडी सगळ्यांची एकाच टायमाला सुटते."

आणि गेल्या वैशाखात खाली असताना एका पाहुण्याची भंबेरी उडाली. त्यानं हातपाय झाडले, छायाच्या तोंडातली नळी निसटली, आणि तिच्या गळ्यात मिठी मारून तो तसाच वर सुटला. छायानं तोंड घट्ट मिटून घेतलं. पाण्यावर आली तेव्हा तिच्या ओठांवर रक्त होतं.

फोन आला तेव्हा यमू भिवंडीकडच्या भट्टीवर चिखल कालवत होती. तिचा नवरा सुक्या फोन कानाला लावून नुसता "हां, हां" करत राहिला. त्याच्या तोंडावरूनच तिला उमगलं. चिखलाच्या हातांनीच ती शेणव्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि बोलून बसली, "आयांनो, पोर जगू दे. पुन्हा तिला पान्याखाली जाऊ देनार नाय. शब्द हाय माजा."

पोर जगली. फुप्फुसाला इजा झाली होती, ती चार महिन्यांत भरून आली. भादव्यात मुंबईच्या डॉक्टरनं छातीचे फोटो काढले, खालून-वरून तपासलं आणि म्हणाला, कशानं झालं ते कळलेलं आहे, आता बरं आहे, बेतानं सुरू करायला हरकत नाही.

छाया त्या दिवशी घरी आली ती गाणं गुणगुणत. यमू तिच्यावर डोळा ठेवू लागली ती तेव्हापासून.

दिवाळी सरली. भट्टीची गाडी महिनाभरानं येणार होती. त्याच आठवड्यात जगदीशचा फोन आला की पाणी निवळलंय, ये. छायानं पिशवी काढली.

"नाय जायचं," यमू म्हणाली.

"डॉक्टर हो म्हनला ना?"

"डॉक्टरला काय ठावं? मी आसरांना बोललेय."

छायाचा हात पिशवीतच थांबला. ही गोष्ट तिला आजवर कोणी सांगितली नव्हती. "काय बोललीस?"

यमूनं सांगितलं. सांगताना नजर चुलीकडे ठेवली.

"नवस तू बोललीस," छाया म्हणाली, "मग पानी माझं का गेलं?"

"पोटची पोर हाईस म्हनून."

"कोंबडा बोलायचास! बकरा बोलायचास!"

"बकरा कुठनं आननार होती?" सुक्या दारातून म्हणाला. "भट्टीवर नवसाला बोलावा असा एक मुकादमच होता."

कोणी हसलं नाही. सुक्यानं बिडी विझवली आणि उठून बाहेर गेला.

"आन मी गेलेच पान्यात तर?" छायानं विचारलं.

"शब्द माजा. मोडला तर भोग मला."

हे ऐकून छायानं पिशवी खाली ठेवली. आसरांची तिला भीती नव्हती असं नाही, पण स्वतःसाठी ती घाबरली नसती. आईच्या जिवावरची गोष्ट निराळी. तिनं पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले आणि दोरीवर टाकले.

यमूला वाटलं, सुटले. पण तोंडातून प्रश्न निघून गेला. "तुला तिकडं शिकवलेलं ना, कसं वर यायचं ते? मग झालं कसं?"

"शिकवलेलं," छाया म्हणाली. "पयलाच नियम तो. दम धरायचा नाय. डोहात आपन वरची हवा छातीत घेऊन खाली जातो. वर आलो की तेवढीच असते. तिकडं हवा खालीच घेतो, सिलिंडरमधली. ती वर येताना फुगत जाते. तोंड उघडून सोडत सोडत यायचं. नाय सोडली तर छाती फाटते. पानी उथळ असलं तरी फाटते."

"मग तू तोंड का मिटलंस?"

छायानं दोरीवरचे कपडे सारखे केले. मग म्हणाली, "तो गळ्याला लटकला, तेव्हा शिकवलेलं काय आठवलं नाय. तू आठवलीस. काय पण झालं तरी तोंड उघडायचं नाय."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस घरात दोघींना बसवेना. छाया उगाच रस्त्यापर्यंत जायची आणि परत यायची. ओढ्यापाशी उभी राहायची, पायसुद्धा न बुडवता. कोणाशी धड बोलायची नाही. यमू तिच्या मागावर. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. शेजारची म्हातारी गंगी, सिद्धगडाकडून सून म्हणून आलेली, ओट्यावर बसून बघायची.

"काय गो, मायलेकींना मुंग्या चावल्या का?"

यमू तिच्याशेजारी टेकली. "गंगे, बोललेला नवस मागं घेता येतो का?"

"नवस म्हंजे काय दुकानातलं पातळ हाय? रंग नाय आवडला, द्या बदलून?" गंगी पान लावत म्हणाली. "आन तुला नको का झाला? पोर घरात हाय, धडधाकट हाय."

"घरात हाय कुठं," यमू म्हणाली. "तिचं नुसतं आंग हाय घरात."

मालवणला छायाचं सामान पडलं होतं. ते आणायला तरी जाऊ दे, असं तिनं म्हटलं तेव्हा यमू लगेच म्हणाली, "मी येते संगती." छाया काय समजायचं ते समजली. आसनगावहून पनवेल, पनवेलहून कोकणची गाडी. यमू बोगदे मोजल्यासारखं करत होती. प्रत्येक बोगद्यात तिला वाटायचं, बाहेर निघालो की शेजारची जागा रिकामी असेल.

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी तिनं सात गोटे वेचले, मांडले, आणि ओंजळीनं समुद्राचंच पाणी त्यांच्यावर घातलं. खारं पाणी. डोहातल्या बायांना चालेल की नाही कोण जाणे. तिनं दोनदा माफी मागितली आणि चहा मात्र घेतला नाही.

जगदीश तिला न्याहाळत होता. मनानं मोकळा माणूस. "मावशे," तो म्हणाला, "इतक्या लांब इलास, तर प्रवाळ बघून जा. सिलिंडर नको, कायच नको. नळी लावायची, तोंड पाण्यात घालायचा आणि तरंगायचा. म्हाताऱ्यो बायका पण करतत."

"मी म्हातारी नाय," यमू म्हणाली.

"मगे तर झालाच!"

तिला नाही म्हणायचं होतं. पण पोरीनं ज्याच्यासाठी घराचा तुरुंग करून टाकला होता, ते आहे तरी काय, हे बघितल्याशिवाय परत जाणंही तिच्यानं होईना. न बघितलेल्या पाण्यावरून आपण शब्द दिला, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

होडी थोडी आत जाऊन थांबली. पाणी हिरवट, खालचं काळं-पिवळं अंधूक दिसत होतं. छाया होडीच्या टोकाला पाय वर घेऊन बसली, पाण्याचा शिंतोडासुद्धा अंगावर येऊ न देता. तिनंच आईच्या डोळ्यांवर मास्क बसवला, पट्टा ताणला, नळीचं टोक दातांत दिलं. तिची बोटं सराईत चालत होती. "नाकानं नाय, तोंडानं. नळी पान्याच्या वर हाय. श्वास घेत राहायचं. थांबायचं नाय."

यमू लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात उतरली, होडीच्या दोराला धरून तोंड खाली घातलं, आणि तिचा श्वास बंद झाला. आपोआप. पाणी तोंडाला लागलं की दम धरायचा, हे तिला सांगावं लागत नव्हतं. छातीच सांगत होती. नळी वर उघडी होती, हवा होती, तरी घेता येईना. तिनं तोंड बाहेर काढलं.

"श्वास घे गो!" जगदीश ओरडला.

"घेते ना!"

"खय घेतस? गाल फुगलेत नुसते!"

पुन्हा घातलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. मग दोर धरून ती नुसतीच तरंगत राहिली. इथं तिला कोणी गळ्याला धरलेलं नव्हतं, पाणी शांत होतं, सगळे डोळ्यांसमोर होते. तरी छाती ऐकत नव्हती. मग खाली, एक माणूस अंगाला लटकलेला असताना, त्या पोरीच्या छातीनं कुणाचं ऐकायचं होतं?

नळीच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता. तिनं ती तोंडातून काढली, वरच्यावर छाती भरून घेतली आणि डोहात जायची तशी सरळ खाली गेली.

खाली आवाज होता. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा बारीक तडतड आवाज, सगळीकडून. दगड म्हणून जे वाटलं होतं ते दगड नव्हते. कोबीच्या गड्ड्यासारखे, मेंदूसारखे, वडाच्या पारंब्या गोठून बसाव्यात तसे, तपकिरी, पिवळे, मधेच जांभळट. पट्ट्यापट्ट्यांचे मासे तिच्या अंगावरून भिऊन पळाले नाहीत, बाजूला सरून पुन्हा आपल्या कामाला लागले. एक हिरवा मासा चोचीनं ते दगड कुरतडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज तिला ऐकू येत होता. यमूनं आयुष्यात पाण्याखाली किती वेळा डोळे उघडले होते, पण ते कपार शोधायला, मासा शोधायला. नुसतं बघायला कधी उघडले नव्हते.

समोरच्या फटीतून दोन लांब मिशा हलल्या. तिचा हात तिच्याआधी पुढे गेला. एका हातानं कडेला धरलं, दुसरा आत सरकवला. धरलेल्या कडेवर बोटांना बुळबुळीत लागलं, मऊ, जितं. वासराच्या जिभेसारखं. तिनं चटका बसल्यासारखा हात सोडला आणि तिथंच, तळाशी, त्या कडेकडे बघत राहिली. हे सगळं जितं आहे? एवढं थोरलं?

दम अजून पुष्कळ होता. वर होडीत मात्र जगदीशला ते ठाऊक नव्हतं. छायाला होतं, पण त्या घडीला आठवलं नाही.

डोक्यावर पाणी फुटलं. यमूनं वर बघितलं. छाया येत होती. मास्क नाही, पायांत पोहायचे रबरी पंख नाहीत, अंगावर घरचा सलवार-कुडता फुगलेला. हात अंगाशी, पाय जोडलेले, एकाच लाटेसारखी खाली येत होती. घरात जिचा पाय एका जागी ठरत नव्हता, ती हीच पोर. आईला धडधाकट बघून तिच्या तोंडावरची भीती गेली, आणि एक क्षणभर, तिथं त्या हिरव्या उजेडात, ती नुसती तरंगत थांबली. पट्ट्यांचे मासे तिच्या केसांतून निघून गेले. यमूला वाटलं, हिला आपण घरी आणून ठेवलं होतं कशात? कुठल्या मडक्यात?

मग छायानं तिचं मनगट धरलं आणि दोघी वर आल्या.

"जीव घेशील का माझा!" होडीत चढताच छाया किंचाळली. "एवढा वेळ? एवढा वेळ खाली राहतात?"

"मला दम हाय."

"मला काय ठावं तू दमात हाईस का मेलीस!" तिचे दात वाजत होते. मग तिचं स्वतःच्या भिजलेल्या कुडत्याकडे लक्ष गेलं, आणि आवाज एकदम खाली आला. "आये. मी पान्यात गेले."

जगदीशनं पाठ फिरवली आणि होडीच्या इंजिनात काहीतरी बिघडलंय असं दाखवून दोरीशी खटपट करू लागला.

यमूनं आपल्या छातीवर हात ठेवून बघितला. चालू होती. वर आभाळ होतं, बाजूला पाणी होतं. कोणी कोपलेलं दिसलं नाही, पण म्हणून काही फिटलं असंही नव्हतं. बोललेलं बोललेलं असतं.

"शब्द माजा होता," ती म्हणाली. "आन देताना तुझ्या ताटातलं उचलून दिलं मी. असा निवेद कोन देवाला दावतं? घरी गेल्यावर माज्या ताटातलं देते. तू इथंच राहा. कामाला लाग."

"काय देशील?"

"ते मी आन आसरा बघून घेऊ."

"जेवन सोडायचं नाय हां. पायात चप्पल घालायची नाय, असलं पन काय नाय. तुझे पाय आधीच फुटलेत."

"नाय."

"मला वचन दे."

"दिलं."

"आन आसरांचं नक्की फेडशील? मी इकडं खाली असेन आये. तुझा घोर घेऊन मला खाली जाता येनार नाय."

"गेल्या गेल्या फेडते," यमू म्हणाली. "हे पन वचन. पन तूबी तोंड उघडं ठेवायचं. मी काय बी सांगितलेलं असू दे."

छायानं ओला हात तिच्या हातावर ठेवला. दोघींपैकी कोणी रडलं नाही. जगदीशनं मात्र नाक शिंकरलं.

परतीच्या गाडीत यमूला डोळा लागला नाही. काय द्यायचं? आपलं म्हणावं असं काय आहे? कोंबड्या घरच्या. घर सरकारी योजनेतलं. नवरा आसरांनी घेतला नसता. हिरव्या बांगड्या, खण, नारळ हे तर सगळेच देतात; पोरीच्या अख्ख्या समुद्राच्या बदल्यात ते कसं पुरायचं? गाडी बोगद्यात शिरे, बाहेर पडे, आणि ती एकेक वस्तू मनात उचलून बघे आणि खाली ठेवे. पनवेलच्या आसपास तिला ते सापडलं, आणि सापडल्यावर नको वाटलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. आसनगाव येईपर्यंत तिनं दुसरं काही शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. नाही सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुक्यानं तिला ताटलीत हळदकुंकू घेताना बघितलं. आदल्या रात्री ती आली तेव्हा तो झोपेत होता.

"पोर कुठं?"

"तिच्या पान्यात."

"आन तुझा शब्द?"

"तोच द्यायला चाललेय."

त्यानं बायकोचं तोंड बघितलं. नुसतं म्हणाला, "येताना कालवनाला बघ काय तरी. आता डोहात मासा चांगला झाला असेल."

"सुकट घेऊन ये बाजारातनं," यमू म्हणाली.

दाराआडची माशांची टोपली तिनं काढली. कडेला काळी पडलेली, कमरेला बांधायची दोरी घामानं चिकट झालेली. ती घेऊन ती शेजारच्या खोपटापाशी गेली. गंगीची नातसून पारू भांडी घासत होती.

"ही ठेव तुला."

"मला? मावशी, मग तुमी?"

"आजपासून मी त्या डोहात हात घालनार नाय."

पारूला काही कळेना. वाडीत यमूसारखा हात कोणाचा नव्हता. कपारीतला मासा यमूच्या बोटांना हसून येतो, असं म्हणायचे. "का पन? आजारी हाव का?"

"नाय गो. तू जात जा. मी काठावर बसेन, तुला सांगेन कुठं बघायचं."

"आन करमंल तुमाला, नुसतं बसून?"

यमूनं टोपलीची दोरी पारूच्या हातात दिली. करमणार नव्हतंच. म्हणून तर द्यायचं होतं.

ओट्यावरून गंगी काहीतरी ओरडून विचारत होती. यमूनं डोक्यावर पदर घेतला, ताटली पदराखाली धरली, दुसऱ्या हातात रिकामा तांब्या. चहा अजून घेतलेला नव्हता. भाताच्या कापलेल्या शेतातून, दवानं ओल्या झालेल्या बांधावरून ती सावकाश डोहाच्या वाटेला लागली.